कॉम्प्युटर दिलेत, आता ते साफ ठेवायची सोयही द्या: सार्वजनिक इंटरनेट केंद्रांच्या योजना आखणाऱ्यांना खुलं पत्र

सार्वजनिक इंटरनेट केंद्रांच्या योजना आखणारी सरकारी खाती, त्यांना पैसा पुरवणाऱ्या देणगीदार संस्था आणि जुने कॉम्प्युटर दान देणाऱ्या कंपन्या, या सगळ्यांना,

नमस्कार.

हे पत्र व्हायरसबद्दल आहे, आणि ते मी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यांना न लिहिता मुद्दाम तुम्हाला लिहितोय. केंद्रावरचा व्हायरस म्हटलं की ‘टेक्निकल प्रॉब्लेम आहे, तिथला माणूस बघून घेईल’ असं म्हणून तो खाली ढकलला जातो, मग केंद्र सांभाळणारा मुलगा किंवा मुलगी एकटीच त्याच्याशी झुंजत बसते, आणि ज्या निर्णयांमुळे तो व्हायरस तिथे मुक्कामाला आलाय ते निर्णय मात्र तुमच्या टेबलवर झालेले असतात. कुठलं विंडोज घ्यायचं, लायसन्स किती वर्षांचं, डेटा किती द्यायचा, देखभालीला किती पैसे ठेवायचे, जुन्या मशीन स्वीकारायच्या की नाही, हे सगळं तुम्ही ठरवता. म्हणून तुमच्याशीच बोलायचंय.

ज्याच्या घरी कॉम्प्युटर आहे त्याला व्हायरस म्हणजे एखाद्या दिवसाची कटकट. पण ज्याच्यासाठी केंद्रातला कॉम्प्युटर हाच एकमेव कॉम्प्युटर आहे त्याचं तसं नाही ना. तो लांबून येतो, रांगेत बसतो, तासाचे पैसे मोजतो, नोकरीचा अर्ज एका बोटानं टाइप करतो, पेनड्राइव्हवर घेतो, आणि दुसरीकडे प्रिंट काढायला गेला की त्या पेनड्राइव्हवर फोल्डरच दिसत नाही. बायोडाटा गेला, मार्कशीटचं स्कॅन गेलं, अर्जाची शेवटची तारीख गेली. आणि तो तक्रार करत नाही, कारण त्याला वाटतं आपल्यालाच नीट वापरता आलं नाही, आपलंच काहीतरी चुकलं. तो फक्त परत येत नाही. तुमच्याकडे जाणाऱ्या रिपोर्टात त्या महिन्यातही ‘सर्व संगणक चालू स्थितीत’ असंच लिहिलेलं असतं, कारण रिपोर्टात विचारलंच तेवढं जातं.

२००३ ला जिनिव्हात माहिती समाजावरची जागतिक शिखर परिषद झाली, तिच्या कृती आराखड्यात गावं जोडायची आणि लोकांसाठी सार्वजनिक केंद्रं उघडायची असं उद्दिष्ट होतं, २०१५ पर्यंतची मुदत होती, मग २००५ ला ट्युनिसला दुसरा टप्पा झाला. चांगलं उद्दिष्ट होतं आणि आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेत त्यातून खरंच हजारो केंद्रं उभी राहिली. पण तेव्हापासून मोजमाप एकाच गोष्टीचं होत आलंय, केंद्रं किती उघडली आणि कॉम्प्युटर किती बसवले. बसवल्यावर दोन वर्षांनी त्यातले किती भरवशाचे राहिले, एखाद्या बाईनं तिथे बँकेचा पासवर्ड टाकावा की टाकू नये, याचा रकाना कुठल्या फॉर्ममध्ये मी तरी पाहिला नाही.

आता तो फोल्डर गायब करणारा प्रकार नेमका काय आहे ते जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान मी त्यानंच झालेलं बघतो. लोक त्याला शॉर्टकट व्हायरस म्हणतात. एकच व्हायरस नाही तो, त्या पद्धतीचे बरेच आहेत. पेनड्राइव्ह लावला की तो त्यावरचे सगळे फोल्डर हिडन करतो, वर त्यांना सिस्टिम फाइल असल्याचं लेबल लावतो म्हणजे साध्या सेटिंगमध्ये ते दिसतच नाहीत, आणि प्रत्येकाच्या नावाचा एक शॉर्टकट तिथे ठेवतो, आयकॉन सुद्धा फोल्डरचाच. माणूस त्यावर डबल क्लिक करतो, फोल्डर उघडतो, आतल्या फाइलीही दिसतात, सगळं ठीक वाटतं, पण मधल्या मधे व्हायरसची स्क्रिप्ट चालून गेलेली असते आणि आता तो कॉम्प्युटर पुढच्या प्रत्येक पेनड्राइव्हला हेच करणार. मग कधीतरी कुठल्यातरी मशीनवरचा अँटिव्हायरस ते शॉर्टकट ओळखतो आणि उडवतो, आणि पेनड्राइव्ह एकदम रिकामा दिसतो. तुम्ही प्रॉपर्टीज बघितल्या तर जागा भरलेली दिसते, म्हणजे फाइली तिथेच आहेत, कमांड प्रॉम्प्टवर ॲट्रिब या कमांडची एक ओळ दिली की सगळ्या परत दिसायला लागतात. पण हे ज्याला माहीत नाही तो घाबरतो, शेजारचा सांगतो फॉरमॅट मार, आणि तो मारतो. व्हायरसनं जे पुसलेलं नव्हतं ते तिथे कायमचं पुसलं जातं. मुलांचे प्रोजेक्ट, जमिनीच्या कागदांचे स्कॅन, लग्नाचे फोटो, बचतगटाचा वर्षाचा हिशोब, सगळं असं गेलेलं आहे, आणि वाचवता आलं असतं म्हणून ते जास्त लागतं.

यावर केंद्रांनी काढलेला उपाय म्हणजे भिंतीवर पाटी, ‘पेनड्राइव्ह लावू नये’. मला हे पटत नाही. जिथे अपलोडचा स्पीड इतका कमी आहे की एक स्कॅन मेल करायला दहा वेळा प्रयत्न करावे लागतात, आणि बऱ्याच जणांचं स्वतःचं ईमेल अकाउंटही धड चालू नसतं, तिथे पेनड्राइव्ह हाच त्यांचा एकमेव ड्रॉवर आहे. तो बंद केला तर लोक केंद्रात येऊन करणार काय? आणि बंदी फक्त गरीब गिऱ्हाईकाला असते, ओळखीच्या माणसाचा पेनड्राइव्ह लागतोच, मोबाइल चार्जिंगला लावतात तोही लागतोच.

सूचना आणि पाट्यांनी काय होतं आणि वरून एक सेटिंग बदललं की काय होतं याचं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या समोर घडलेलं आहे. विंडोज एक्सपीच्या काळात पेनड्राइव्हवर ऑटोरनची (आपोआप प्रोग्राम सुरू करून देणारी) फाइल असायची, ड्राइव्हवर नुसता डबल क्लिक केला किंवा समोर आलेल्या चौकटीतला पहिला पर्याय दाबला की व्हायरस सुरू. कॉन्फिकर नावाच्या व्हायरसनं तर त्या चौकटीत ‘फोल्डर उघडून फाइली बघा’ असा खोटा पर्यायच दाखवायला सुरुवात केली, आता यात वापरणाऱ्याची काय चूक हो? लोकांना वर्षानुवर्षं सांगितलं जात होतं काळजी घ्या, राइट क्लिक करून उघडा, आधी स्कॅन करा. फरक किती पडला? मग फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्सपी आणि व्हिस्टाला ऑटोमॅटिक अपडेटमधून पेनड्राइव्हचा ऑटोरन बंद करून टाकला, विंडोज ७ मध्ये तो आधीच बंद होता, आणि त्यानंतर त्या वाटेनं पसरणारे व्हायरस झपाट्यानं कमी झाले. कोट्यवधी लोकांची सवय बदलावी लागली नाही, एका ठिकाणी एक निर्णय झाला. माझं तुमच्याकडे मागणं याच जातीचं आहे.

पण तो अपडेट सुद्धा ज्यांच्याकडे अपडेट चालू होते त्यांच्याचकडे पोचला. आणि इथे दुसरी अडचण येते, केंद्रांमध्ये अपडेट बंद असतात, आणि ते आळसामुळे नाही. एक तर कित्येक ठिकाणी विंडोज क्रॅकवालं, म्हणजे लायसन्स न घेता चालवलेलं, टाकलेलं, २००८ च्या सुमारास बनावट कॉपीवर काळा वॉलपेपर येऊ लागला तेव्हापासून ‘अपडेट केलं की पकडतात’ ही भीती जी बसली ती अजून गेलेली नाही. त्याच वर्षी, २३ ऑक्टोबर २००८ ला, ज्या भगदाडातून कॉन्फिकर पुढे घुसला त्याचा पॅच, म्हणजे ते बुजवणारा अपडेट, आलेला होता, कॉन्फिकर त्यानंतर जवळजवळ महिन्याभरानं आला. २०१७ ला पुन्हा तेच, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय व्हायरसनं वापरलेल्या त्रुटीचा पॅच १४ मार्चला आला आणि वॉनाक्राय १२ मे ला. दोन्ही वेळा औषध आधी आलं होतं. शिवाय क्रॅक स्वतःच कुठून कुठून उतरवलेला असतो, तो चालवायचा तर आधी अँटिव्हायरस बंद करा असं त्याच्यासोबतच्या सूचनेतच असतं, म्हणजे मशीन पहिल्या दिवसापासूनच संशयास्पद. लायसन्सचे पैसे योजनेत धरलेच नसतील तर केंद्रचालक दुसरं काय करणार, हा प्रश्न त्याला विचारण्याऐवजी स्वतःला विचारा.

दुसरं कारण डेटा. महिन्याचा डेटा मोजून मिळतो, विंडोजचा एकेक अपडेट शेकडो एमबीचा, दहा मशीन म्हणजे दहा वेळा. मग केंद्रचालक कनेक्शनला ‘मीटर्ड’ची खूण करून ठेवतो, की बहुतेक अपडेट तिथेच थांबतात. त्याच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही हेच केलं असतं, कारण समोर गिऱ्हाईक बसलंय आणि पेज उघडत नाहीये. विंडोज १० पासून एका मशीननं उतरवलेला अपडेट त्याच नेटवर्कवरच्या बाकीच्या मशीनना देता येतो, सोय आतच आहे, पण ती कोणी लावून दिली पाहिजे आणि रात्रीचा वेगळा डेटा मंजूर केला पाहिजे. आणि वीज. अपडेट अर्ध्यावर असताना लाइट गेली आणि मशीन परत चालूच झाली नाही असं एकदा झालं की तो माणूस पुन्हा आयुष्यात अपडेट लावत नाही. बॅटरी बॅकअप हा सुद्धा व्हायरसवरचा उपाय आहे, बजेटमध्ये तो ‘फर्निचर व इतर’ मध्ये टाकून कापू नका.

अँटिव्हायरसबद्दल थोडक्यात. मशीनसोबत एक वर्षाचा येतो, वर्ष संपतं, रिन्यू करायला पैसे नसतात, आणि तो लाल खूण दाखवत तसाच बसून राहतो. त्यावर कोणीतरी दुसरा फुकटवाला टाकतो, मग दोन्ही एकमेकांच्या अंगावर येतात आणि मशीन हँग. विंडोज ८ पासून विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आतच असतो, तो अपडेट होत असेल तर अशा केंद्राला पुरेसा आहे असं माझं मत आहे, विकतच्यावर खर्च करण्यापेक्षा तोच पैसा माणसावर करा.

आता मुख्य मुद्दा. आत्तापर्यंत ज्या नुकसानाबद्दल बोललो ते दिसणारं आहे, फाइल गेली, मशीन स्लो झाली. न दिसणारं वेगळंच आहे. कीलॉगर, म्हणजे दाबलेली प्रत्येक की नोंदवणारा प्रोग्राम, बसलेल्या मशीनवर तुम्ही टाइप केलेला प्रत्येक पासवर्ड कुठेतरी जातो, झ्यूससारखे बँकेचे पासवर्ड चोरणारे व्हायरस २००७ पासून फिरतायत. लोकांना सांगितलं जातं की प्रायव्हेट विंडो वापरा, लॉगआउट करा, ते करावंच, पण कीलॉगरपुढे त्याचा उपयोग नाही, तो की दाबतानाच नोंद करतो. सगळ्या सरकारी सेवा, अनुदान, पेन्शन, परीक्षेचे फॉर्म तुम्ही ऑनलाइन नेले, ज्यांच्याकडे दुसरं साधन नाही त्यांना या केंद्रांवर जायला भाग पाडलं, तर मग त्या मशीनवर टाकलेला पासवर्ड सुरक्षित आहे की नाही ही जबाबदारी त्या पेन्शनवाल्या आजोबांची कशी काय होते? ती तुमची आहे. मी हे रागानं नाही पण अगदी स्पष्टपणे म्हणतोय.

मग करायचं काय. यातलं काहीच नवीन नाही, उपाय माहीत आहेत. सार्वजनिक मशीनसाठी सगळ्यात उपयोगी म्हणजे रीस्टार्ट केली की पहिल्यासारखी होणारी मशीन, दिवसभरात काहीही बसलं, बदललं, घुसलं तरी बंद करून चालू केली की सकाळची स्थिती परत. डीप फ्रीझसारखी विकतची सॉफ्टवेअर यासाठी खूप वर्षांपासून आहेत. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं स्टेडीस्टेट नावाचं फुकट टूल होतं, खास शाळा, लायब्ररी, केंद्रांसाठीच, ते २०१० च्या शेवटी त्यांनी बंद केलं आणि त्याच्या तोडीचं साधं फुकट असं काही दिलं नाही, राइट फिल्टरची (डिस्कवर बदल टिकू न देणारी) सोय आहे पण ती एंटरप्राइज, एज्युकेशन असल्या आवृत्त्यांमध्येच, केंद्रांवर असतं त्या होम किंवा प्रोमध्ये नाही. तुम्ही हजारो मशीनची खरेदी एकत्र करता, तुमच्या शब्दाला वजन आहे, कंपनीशी बोलताना ही मागणी कधी ठेवलीत का? एकटं केंद्र ती मागू शकत नाही.

आणि हे लावताना दोन गोष्टी तिथल्या परिस्थितीप्रमाणे कराव्या लागतात नाहीतर लोक ते काढून टाकतात, हे मी बघतो म्हणून सांगतो. पहिली, लाइट गेली की रीस्टार्ट होणार आणि कोणी अर्धा तास टाइप केलेला अर्ज पण जाणार, म्हणून सेव्ह करायला एक वेगळं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा भाग, फ्रीझच्या बाहेर ठेवावंच लागतं आणि ते ठराविक दिवसांनी रिकामं करावं लागतं, कारण त्यात लोकांची कागदपत्रं पडून राहतात. दुसरी, फ्रीझ केलेली मशीन अपडेट उतरवते, लावते, आणि रीस्टार्टला सगळं विसरते, दुसऱ्या दिवशी परत तोच अपडेट उतरवते, असा रोज डेटा जळतो आणि मशीन काही अपडेट होत नाही. त्यासाठी ठरवून एक वेळ फ्रीझ उघडायची, अपडेट घ्यायचे, परत बंद करायची. हे कोणीतरी शिकवावं लागतं आणि त्या वेळेचे पैसे द्यावे लागतात, सीडी पाठवून होत नाही.

त्याच्या जोडीला एक गोष्ट जवळजवळ फुकट आहे. प्रत्येक केंद्रात एक मशीन, सगळ्यात जुनी चालेल, विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट सिस्टिम टाकून पेनड्राइव्ह तपासायला दाराजवळ ठेवा. विंडोजचे शॉर्टकट आणि स्क्रिप्ट तिथे चालतच नाहीत, आणि ते हिडन केलेले फोल्डर तिथे सरळ दिसतात कारण लिनक्स ती हिडनची खूण मानत नाही. माणूस आला, पेनड्राइव्ह लावला, फाइली बघितल्या, शॉर्टकट पुसले, मग आत गेला. ज्या माणसाला वाटत होतं की आपलं सगळं गेलं त्याला तिथे आपले फोल्डर जसेच्या तसे दिसतात. पाटीपेक्षा हे कितीतरी बरं.

सगळंच केंद्र लिनक्सवर का नाही, असं काही जण विचारतात आणि प्रश्न योग्य आहे. ब्राझीलमध्ये साओ पावलो शहरानं २००१ पासून वस्त्यांमध्ये जी टेलिसेंटर (अशीच सार्वजनिक केंद्रं) उघडली ती मुक्त सॉफ्टवेअरवर उघडली, एक सर्व्हर आणि त्याला जोडलेले साधे टर्मिनल, म्हणजे सांभाळायची मशीन एकच. हे जमतं. पण मग आड येतात तुमच्याच वेबसाइट. अर्जाची साइट विशिष्ट ब्राउझरमध्येच उघडते, डिजिटल सहीचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, कुठे आधी एखादा प्लगइन टाकावा लागतो आणि तो टाकायला ॲडमिनचे हक्क, म्हणजे मशीनवर काहीही बदलायची मुभा, लागतात. इंटरनेट एक्सप्लोररचा सपोर्ट जून २०२२ ला संपला तरी त्याच्यासाठीच बनवलेल्या साइट नंतरही चालू राहिल्या आणि त्यांच्यासाठी केंद्रांनी जुनी मशीन जपून ठेवल्या. गिऱ्हाईकाला ॲडमिन अकाउंट देऊ नका असं आम्ही सांगतो, आणि तुमचा फॉर्म ॲडमिन असल्याशिवाय भरता येत नाही. केंद्रांची योजना बघणारा आणि वेबसाइट बनवणारा, हे दोन विभाग एकमेकांशी बोलले तर पैसे न खर्चता सुटण्यासारखं आहे.

केंद्र सांभाळणाऱ्या माणसाबद्दल एक. मशीन साफ करायला अर्धा दिवस जातो, तेवढा वेळ ती मशीन बंद, उत्पन्न बंद, आणि बहुतेकांचं पोट कमिशनवर. म्हणून तो साफ करायचं टाळतो आणि व्हायरस लागलेली मशीन गिऱ्हाईकाला तशीच देतो. देखभालीच्या वेळेचे पैसे मिळाले तर तो टाळणार नाही, ही माणसं मनापासून काम करणारी आहेत, मुलांना फॉर्म भरून देताना मी त्यांना बघतो. तपासणीला आलेला अधिकारी व्हायरस सापडला म्हणून त्यालाच मेमो देतो हे थांबवा, कारण मेमोच्या भीतीनं पुढच्या वेळी तो व्हायरस लपवतो, आणि मग शेजारच्या केंद्राला सुद्धा कळत नाही की नवीन काय आलंय.

शेवटचं, आणि हे तातडीचं आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. काही अटींवर वाढीव अपडेट मिळतात पण ते कायमचे नाहीत. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि बऱ्यापैकी नवीन प्रोसेसर लागतो, म्हणून ऑफिसं आपल्या जुन्या मशीन काढतायत आणि त्यातल्या पुष्कळ दान म्हणून केंद्रांकडे यायला निघाल्यात. दान देणाऱ्या कंपन्यांनो, दान जरूर द्या, पण हार्ड डिस्क पुसून, चालू सपोर्टवालं लिनक्स टाकून किंवा वाढीव अपडेटचे पैसे भरून द्या. आणि खात्यांनो, मशीन ताब्यात घेताना सपोर्ट कधी संपतो ती तारीख पावतीवर लिहून घ्या, पुढच्या टेंडरमध्ये रीस्टार्टला पूर्ववत होणारी व्यवस्था, अपडेटचा वेगळा डेटा आणि देखभालीच्या तासांचा मोबदला या तीन ओळी घाला, आणि महिन्याच्या रिपोर्टात एक रकाना वाढवा की किती मशीनना शेवटचा अपडेट कधी मिळाला. टेंडरचा मसुदा करताना ज्यांनी ही केंद्रं सांभाळली आहेत अशांपैकी दोघा-तिघांना बोलवा, ते येतील.

आपला,
सार्वजनिक केंद्रांतले कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक जण